द्राक्ष पॅकहाउसमधील रोजचे मोजमाप : हंगामाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नाशिक-दिंडोरी रस्त्यालगतच्या आमच्या पॅकहाउसमध्ये या हंगामाचे निर्यात पॅकिंग बुधवारपासून सुरू होत आहे. दिंडोरी, निफाड आणि चांदवड तालुक्यांतील बागांचा माल येथे येतो. आठ टेबले असून प्रत्येकावर सहा जणी काम करतात. चौघी ट्रिमिंगला (घडातले लहान व खराब मणी कात्रीने काढायला), एक वजनाला आणि एक पॅकिंगला. पाचशे ग्रॅमच्या दहा पनेटचा (लहान डब्यांचा) पाच किलोचा बॉक्स हे आमचे एकक आहे. गेल्या हंगामापर्यंत दिवसाअखेरीस एकच आकडा लिहिला जात असे, तो म्हणजे एकूण बॉक्स. तो व्यवस्थापनाला पुरेसा होता, परंतु उद्या किती क्रेट तोडायला सांगायचे आणि कोणत्या टेबलावर कोणती गोष्ट शिकवायची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नव्हती. या हंगामात रोजचे मोजमाप या दोन प्रश्नांसाठीच करायचे, असे ठरवून ही वही सुरू केली आहे.

सुरुवातीला तीन नोंदी घेणार आहोत : प्रत्येक टेबलाचे तासाला बॉक्स, तोडणीपासून प्रीकूलिंगमध्ये (माल झटपट थंड करण्याच्या खोलीत) जाईपर्यंतचा वेळ, आणि पनेटचे प्रत्यक्ष वजन. या वेळेला महत्त्व देण्याचे कारण असे की, द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही आणि त्याची गोडीही वाढत नाही; तोडणीनंतर त्यात फक्त घट होते. उन्हाळलेला घड शेडमध्ये पडून राहिला की सर्वांत आधी देठ सुकतो व तपकिरी पडतो, आणि परदेशातला ग्राहक मण्याच्या आधी देठच पाहतो.

९ जानेवारी, गुरुवार

दारासमोरच्या फळ्यावर टेबलांची वेगानुसार क्रमवारी लिहिली. पहिल्या क्रमांकावर दुसरे टेबल, शेवटच्या क्रमांकावर आठवे.

११ जानेवारी, शनिवार

क्रमवारी आज पुसून टाकली. निर्णय माझा होता आणि तो चुकला, म्हणून कारण सविस्तर लिहून ठेवतो.

आठवे टेबल सलग तीन दिवस शेवटी राहिले. दुपारच्या सुट्टीत त्या टेबलावरच्या एका मावशींनी मला फळ्यापाशी थांबवले आणि शांतपणे विचारले, "साहेब, आमच्याकडं माल कोणत्या प्लॉटचा येतो, ते बी लिहिता का तुम्ही?" मी लिहीत नव्हतो. चौकशी केल्यावर समजले की, गाडी आली की हमाल दारालगतच्या टेबलांना आधी क्रेट देतात आणि कोल्ड स्टोअरच्या बाजूची सातवी व आठवी टेबले सर्वांत शेवटी भरतात. एका गाडीचा माल संपून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्याची वेळ येते, तेव्हा ती वाट प्रामुख्याने हीच दोन टेबले पाहतात. आज दोन तास मी तेथे घड्याळ घेऊन उभा राहिलो. आठव्या टेबलाचे हात त्यांपैकी एकवीस मिनिटे रिकामे होते आणि त्या रिकाम्या वेळेचा दोष मी फळ्यावर त्यांच्या नावावर मांडला होता.

दुसरा परिणाम याहून वाईट होता. क्रमवारी लागल्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या टेबलाचा वेग वाढला, परंतु गुणवत्ता तपासणीत त्याच दोन टेबलांचे बॉक्स परत येण्याचे प्रमाणही वाढले. पनेटच्या तळाशी कापलेले मणी सापडले. कापलेल्या मण्याचा रस शेजारच्या मण्यांना लागतो आणि समुद्रप्रवासात तेथूनच कूज सुरू होते. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेत काम केलेले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पतधोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार आज व्यवस्थापनात सर्रास सांगितला जातो : मोजमाप हेच ध्येय झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही. हे वाक्य मला माहीत होते. आमच्या पनेटच्या तळाशी ते पाहिल्यावर कळले.

आजपासून फळ्यावर टेबलाचा क्रमांक नाही. त्याऐवजी संपूर्ण शेडची टेबलामागे तासाची सरासरी, प्लॉटचे नाव आणि 'थांबलेली मिनिटे' असे तीन रकाने असतील. थांबलेल्या मिनिटांची नोंद टेबलावरच्या वजनकाट्याच्या ताई स्वतः करतील, कारण ती मिनिटे त्यांना जितकी नीट माहीत असतात तितकी सुपरवायझरला नसतात.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. तासाची सरासरी १७.९ बॉक्सपर्यंत खाली आली. सुपरवायझरने सगळ्यांना एकत्र बोलावून, सणाचे विचार घरी ठेवून या, असे ऐकवले. मी मध्ये पडलो नाही, परंतु त्यांचे निदान मला पटलेले नाही. उद्या संक्रांतीला पॅकिंग बंद.

१५ जानेवारी, बुधवार

किंक्रांतीला ४८ पैकी ३३ जणी आल्या. पेठ आणि सुरगाण्याकडे घरी गेलेल्या अनेक जणी परतलेल्या नाहीत, आणि यात अनपेक्षित असे काहीच नाही. दरवर्षी हेच होते. तरीही तोडणीचा निरोप काल नेहमीसारखा आठ टेबलांचा गेला होता.

पाच टेबले लागली. त्यांचा वेग उत्तम होता, टेबलामागे तासाला सरासरी २०.२ बॉक्स. म्हणजे माणसे कमी असली तरी काम करणाऱ्यांची गती कमी नव्हती. अडचण मालाची झाली. सकाळी अकरा वाजता शेडमध्ये २५० क्रेट उभे होते. आमचा क्रेट दहा किलोचा आणि ट्रिमिंगमध्ये सुमारे दहा टक्के घट जाते. या हिशेबाने पाच टेबले तासाला ५६ क्रेट संपवतात. शेवटच्या क्रेटला साडेचार तास थांबावे लागणार, हे भागाकार करताच दिसत होते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयी जो नियम सिद्ध केला, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे : रांगेत जितके आहे त्याला तासाच्या उरकाने भागले की सरासरी प्रतीक्षा मिळते. आठ टेबले असती तर हेच २५० क्रेट पावणेतीन तासांत संपले असते.

तोडणीच्या टोळीला फोन करून दोन गाड्या थांबवल्या. मुकादम नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. टोळी सकाळी सहाला बागेत पोहोचलेली होती आणि त्यांचा दिवस आमच्या नियोजनामुळे मोडला. यापुढे दुपारी चारला दुसऱ्या दिवसाची हजेरी मुकादमांकडून आणि प्रत्येक गावाच्या पिकअप गाडीच्या चालकाकडून घ्यायची, आणि त्यानंतरच तोडणीचा निरोप द्यायचा.

२० जानेवारी, सोमवार

दहा कामाचे दिवस झाले. टेबलामागे तासाच्या सरासरीचे आकडे असे आहेत : १९.४, २०.१, १८.६, २०.८, १९.०, १७.९, २०.२, १९.५, १८.८, २०.७. सरासरी १९.५.

या आकड्यांवरून रोज काहीतरी बोलले गेले. २०.८ च्या दिवशी शाबासकी, १७.९ च्या दिवशी बोलणी. मला पाहायचे होते की, या चढउतारात बोलण्यासारखे खरोखर काही आहे का. त्यासाठीची रीत जुनी आहे. टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला, आणि त्याचे रोजच्या एकेका आकड्यासाठीचे रूप वहीतही करता येते. लागोपाठच्या दोन दिवसांतील फरक घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, तिला २.६६ ने गुणायचे आणि येणारी संख्या मूळ सरासरीत मिळवून व वजा करून दोन मर्यादा आखायच्या. आमच्या नऊ फरकांची सरासरी १.४३ आली, मर्यादा १५.७ आणि २३.३.

दहाही दिवस या मर्यादांच्या आत आहेत. भोगीच्या दिवशी विशेष काही घडले नव्हते. शेडची नेहमीची हालचालच एवढी आहे. ज्या दिवशी बोलणी बसली त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी आकडा वर गेला, म्हणून सुपरवायझरना बोलण्याचा उपयोग झाला असे वाटले. परंतु नीचांकाच्या पाठोपाठ आकडा वर येणे हे बोलणी नसतानाही घडणारच होते. मी त्यांना आलेख दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी उगाच बोललो." ते मनाने चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी संध्याकाळी टेबलांवर जाऊन तसे सांगितलेही.

आता ठरले ते असे : आकडा मर्यादेच्या आत असेल, तर त्या दिवसाविषयी कोणालाही जाब विचारायचा नाही. बाहेर गेला, तर त्याच दिवशी, माल समोर असतानाच कारण शोधायचे.

२४ जानेवारी, शुक्रवार

१४.६. पहिल्यांदाच खालच्या मर्यादेबाहेर.

नियमाप्रमाणे साडेअकरालाच मी, सुपरवायझर आणि बागेचा फील्ड ऑफिसर असे तिघे क्रेटपाशी जमलो. हजेरी पूर्ण होती, थांबलेली मिनिटे नेहमीएवढी होती. कारण घडातच होते. निफाड तालुक्यातील या प्लॉटवर विरळणी (कोवळ्या घडातले जादा मणी काढणे) कमी झालेली आहे. मणी एकमेकांवर दाबून बसलेले, घड मुठीसारखा घट्ट. आतला लहान किंवा चिरडलेला मणी काढायला कात्री शिरत नाही. मी एका ताईंच्या शेजारी बसून वीस घड मोजले. एका घडाला सरासरी पंधरा वेळा कात्री चालवावी लागत होती. नंतर कोल्ड स्टोअरच्या दाराशी असलेल्या कालच्या प्लॉटच्या शिल्लक क्रेटमधले वीस घड त्याच ताईंना दिले. तेथे सरासरी सहा आली. हात तेच, कात्री तीच.

आजवर आम्ही ज्याला टेबलाचा वेग म्हणत होतो, त्यात बागेचा वाटा फार मोठा आहे. बाग गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून) कशी वाढवली, विरळणी केव्हा आणि किती केली, हे सगळे चार महिन्यांनंतर आमच्या टेबलावर कात्रीच्या मोजणीत उतरते. ट्रिमिंग करणाऱ्या बाईला त्याबद्दल वेगाने काम कर असे सांगणे म्हणजे चुकीच्या माणसाशी बोलणे आहे.

२५ जानेवारी, शनिवार

नियोजनात बदल. तोडणीच्या आदल्या दिवशी फील्ड ऑफिसर गोडी तपासायला प्लॉटवर जातातच. त्याच वेळी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून वीस घड घेऊन कात्री मोजायची. दहापर्यंत असेल तर 'सैल', त्याहून जास्त असेल तर 'घट्ट'. सैल प्लॉटला आठ टेबलांसाठी आठ तासांचे सुमारे ७०० क्रेट सांगायचे. घट्ट प्लॉटला तासाला १५ बॉक्स आणि पंधरा टक्के घट धरली तर ५६५ क्रेट पुरतात. आलेखही दोन वेगळे ठेवायचे, कारण दोन प्रकारचा माल एकाच सरासरीत घातला की ती सरासरी कशाचीच राहत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारांनी आज प्रस्ताव ठेवला की, एवढे मोजताच आहात तर रोजंदारी बॉक्सच्या संख्येवर द्या. व्यवस्थापनातही एक-दोघांना ही कल्पना आवडली. मी लेखी विरोध नोंदवला असून त्याचा सारांश येथे ठेवतो. रोजंदारी बॉक्सवर गेली की घट्ट प्लॉट आलेल्या दिवशी बाईची मजुरी तिच्या कोणत्याही दोषाशिवाय जवळजवळ पाव भागाने कमी होईल. थांबलेल्या मिनिटांची नोंद त्या ताईंच्या हातात आहे आणि ती आज खरी आहे. मजुरी तिच्याशी जोडली गेली की ती खरी राहील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय कापलेला मणी तळाशी लपवण्याचे कारण आपणच निर्माण करू. या वहीतले आकडे लोक आपणहून देतात, कारण त्यांचा उपयोग त्यांच्याविरुद्ध होत नाही, हे त्यांनी तीन आठवड्यांत पाहिले आहे. तो विश्वास मोडला तर मोजायला काही शिल्लक राहणार नाही.

प्रस्ताव मागे ठेवण्यात आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नियोजन मार्गी लागल्यामुळे आता शिकवण्याकडे वळता आले. पनेटच्या वजनापासून सुरुवात केली. वाटेतली वजनघट धरून ५१० ग्रॅम भरायचे असे आमचे ठरलेले आहे. रोज प्रत्येक टेबलाची दहा पनेट पुन्हा तोलली जातात, आणि गेल्या आठवड्याची सरासरी ५२१ आली. पनेटमागे ११ ग्रॅम म्हणजे बॉक्समागे ११० ग्रॅम. दिवसाच्या साडेबाराशे बॉक्सवर सुमारे १३७ किलो निर्यातीची द्राक्षे आम्ही मोबदल्याशिवाय देत होतो, आणि ती अखेर शेतकऱ्याच्या हिशेबातून जातात.

पाचव्या टेबलाची सरासरी मात्र ५१२ होती. तेथे वजनाला बसणाऱ्या मावशी या कामात दहाहून अधिक हंगाम आहेत. मी सकाळी पाऊण तास त्यांच्यामागे उभा राहिलो. इतर टेबलांवर दोन घड पनेटमध्ये ठेवतात, वजन कमी भरले की समोर येईल तो तुकडा टाकतात, आणि जास्त झाले तरी तसेच जाऊ देतात, कारण भरलेले काढायला वेळ लागतो. मावशींच्या डाव्या हाताशी तीन रिकामी पनेट होती. ट्रिमिंगमध्ये सुटणाऱ्या लहान डहाळ्या त्या आकारानुसार तिथे वेगळ्या टाकत होत्या : दोन-तीन मण्यांची, सात-आठ मण्यांची आणि अर्ध्या मुठीएवढी. काट्यावर ४७० दिसले की हात न पाहता मधल्या पनेटकडे जात होता. आणखी एक गोष्ट मी प्रथमच नीट पाहिली. त्या घड तळहातावर फिरवत नाहीत. देठ अंगठा आणि दोन बोटांत धरून तो लोंबकळता ठेवतात आणि देठच फिरवतात, त्यामुळे मण्यावरची नैसर्गिक पांढरी लव, म्हणजे मेणाचा पातळ थर, पुसली जात नाही. मला त्यांनी उलट विचारले, "यात शिकवण्यासारखं काय आहे?"

उद्यापासून रोज सकाळी सव्वाआठला फळ्यापाशी दहा मिनिटे उभ्याने बोलणे होईल, त्यानंतर मावशी एकाच टेबलावर अर्धा तास बसतील. त्या अर्ध्या तासाचा पाचव्या टेबलाचा तुटवडा नियोजनात आधीच धरला आहे. एका दिवशी एकच गोष्ट सांगायची, असा माझा आग्रह आहे. कात्री, देठ, वजन आणि मांडणी हे सगळे एकदम सांगितले तर दुपारपर्यंत काहीच राहत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशी पाच टेबलांवर बसून झाल्या. पनेटची सरासरी ५१५. तिसऱ्या टेबलावर फरक पडत नव्हता. काल समजले की तेथील काटाच पाच ग्रॅम कमी दाखवत होता. ताई आठ दिवस बरोबर काम करत होत्या आणि आकडा त्यांना चूक ठरवत होता. आता सर्व काट्यांवर रोज सकाळी ५०० ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवून तपासणी होते आणि तिची नोंद फळ्यावर पहिल्या ओळीत असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सैल प्लॉटच्या आलेखावर लागोपाठ नऊ दिवस १९.५ च्या वर आहेत. एकही आकडा वरच्या मर्यादेबाहेर गेलेला नाही, परंतु सलग आठ आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर तो योगायोग समजायचा नाही, हा या आलेखाचा प्रचलित नियम आहे. नव्या नऊ दिवसांची सरासरी २०.४ आहे. वाढ एका बॉक्सहूनही कमी आहे आणि मला ती याच कारणाने विश्वासार्ह वाटते. कोणालाही घाई करायला सांगितलेले नाही. तपासणीत परत येणारे बॉक्स जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या निम्म्याहून कमी झाले आहेत.

तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंतचा वेळ जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सरासरी ५ तास ४० मिनिटे होता, या आठवड्यात तो ४ तास १० मिनिटे आहे. यातील बहुतेक श्रेय चारच्या हजेरीला आणि कात्रीच्या मोजणीला जाते. ऊन आता चढू लागले आहे, त्यामुळे या दीड तासाची किंमत जानेवारीपेक्षा जास्त आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या गावांतून गाड्या येणार नाहीत, हे सोमवारीच कळले होते. चार टेबलांचा माल तोडला, दुपारी दोनला काम संपले. शेडमध्ये एकही क्रेट थांबला नाही.

१८ मार्च, मंगळवार

शेवटचा कंटेनर काल न्हावाशेवाला रवाना झाला. आज सर्व प्लॉटच्या कात्रीच्या नोंदी बागायतदारांना देण्यासाठी वेगळ्या काढल्या. प्रत्येकाला त्याच्या प्लॉटची मोजणी, ट्रिमिंगमधील घट आणि टेबलावरचा तासाचा वेग असा एक कागद मिळेल. निफाडच्या त्या बागायतदारांनी कागद हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, तो घटीच्या किलोंविषयी. मग ऑक्टोबरच्या छाटणीनंतर विरळणीच्या वेळी आमच्या फील्ड ऑफिसरनी दोनदा यावे, असे त्यांनीच सुचवले. तारखा छाटणी ठरल्यावर लिहायच्या आहेत.

मावशींशीही बोलणे झाले. पुढच्या हंगामात नव्याने येणाऱ्या बायकांना पहिले दोन दिवस टेबलावर न बसवता त्यांच्याकडे द्यायचे, आणि त्या दोन दिवसांची मावशींची हजेरी वाढीव दराने धरायची, अशी टिपणी व्यवस्थापनाला पाठवली आहे. मंजुरी यायची आहे. तीन रिकाम्या पनेटसाठी प्रत्येक टेबलाला डावीकडे एक फळी लावावी लागेल. सुताराला मापे दिली आहेत.